शूटरला बोल लावायच्या आधी स्क्रू बघा: रेड डॉट ट्रान्झिशन क्लासमधलं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या पोलीस खात्यात मी फायरआर्म्स इन्स्ट्रक्टर आणि आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, आहे, खात्याचं नाव मुद्दाम देत नाही. पेट्रोलवरच्या लोकांची 9 एमएम पिस्तुलं साध्या लोखंडी साइटवरून रेड डॉटवर, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साइटवर, न्यायची ठरली आणि त्यासाठी दोन दिवसांचा, 16 तासांचा ट्रान्झिशन क्लास सुरू केला. त्यातल्या एका बॅचमध्ये नाइट शिफ्टची एक सीनियर ऑफिसर होती, चाळिशी ओलांडलेली, लोखंडी साइटवर वर्षानुवर्षं पहिल्या काही जणांत येणारी, आणि पहिल्या दिवसाच्या शेवटी तीच वर्गात सगळ्यात मागे. 25 यार्डांवर गोळ्या कधी डावीकडे कधी उजवीकडे, दोनदा रिकामी पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेतच, अडकली, आणि होल्स्टरमधून पिस्तूल काढून टार्गेटवर आणलं की लाल ठिपका सापडेपर्यंत ती नुसतं पिस्तूल वर-खाली करत राहायची. क्लास घेणाऱ्या सहकाऱ्याने शेरा लिहिला: ट्रिगर झटकतेय, मनगट ढिलं, जादा सराव लागेल.

तीन तक्रारी आणि सगळ्या शूटरच्या माथी. प्रत्यक्षात त्यातल्या दोन पिस्तुलाच्या होत्या आणि एक तिची, पण तिघी एकमेकींत अशा गुंतलेल्या की वेगळ्या केल्याशिवाय काही कळणार नव्हतं. माझं ठाम म्हणणं आहे की रेड डॉटचं ट्रेनिंग रेंजवर सुरू होत नाही, आर्मररच्या टेबलावर सुरू होतं, आणि जे खातं साइट बाहेरून बसवून आणतं आणि ऑफिसरला फक्त गोळ्या मारायला शिकवतं ते अर्धंच ट्रेनिंग देतं. त्या अर्ध्या ट्रेनिंगची किंमत ऑफिसर भरतो.

मराठीत लिहायचं कारण, माझा मावसभाऊ तिकडे भारतात पोलिसात आहे आणि फोनवर तो नेहमी विचारतो, "दादा, ते रेड डॉट म्हणजे लेझरच ना? टार्गेटवर लाल ठिपका पडतो तोच?" तर नाही. लेझरचा ठिपका समोरच्याच्या अंगावर पडतो, रेड डॉटचा ठिपका समोरच्याला दिसतच नाही. साइटच्या आत एक बारीक एलईडी असतो, त्याचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवर आपटून मागे आपल्या डोळ्याकडे येतो, आणि काच अशी घडवलेली असते की ठिपका दूर टार्गेटच्याच अंतरावर तरंगतोय असं वाटतं. डोळा खिडकीच्या मधोमध नसला तरी चालतं, ठिपका जिथे तिथे गोळी, अर्थात झीरो नीट केलेला असेल तर, म्हणजे ठरलेल्या अंतरावर ठिपका आणि गोळी एकाच जागी जुळवलेली असतील तर.

ही कल्पना जुनी आहे, स्वीडनच्या एमपॉइंटने 1975 मध्ये पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट आणली, पण ती रायफलींसाठी. पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, बसेल आणि प्रत्येक गोळीला मागे-पुढे आपटणाऱ्या स्लाइडचा मार सोसेल इतकी छोटी आणि मजबूत साइट यायला बरीच वर्षं गेली. ट्रिजिकॉन कंपनीची आरएमआर ही तशी साइट 2009 च्या सुमाराला आली. ग्लॉकने 2015 मध्ये एमओएस मॉडेल काढलं, म्हणजे कारखान्यातूनच स्लाइडवर खाच पाडलेली आणि वेगवेगळ्या साइट्ससाठी मध्ये बसवायच्या वेगवेगळ्या प्लेट. मग अमेरिकन आर्मीने 2017 मध्ये निवडलेल्या एम17 पिस्तुलाच्या स्लाइडवरही ऑप्टिकची, म्हणजे अशा साइटची, सोय होती, आणि 2021 मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी निवडलेलं एफएन 509 एमआरडी-एलई पिस्तूलही ऑप्टिक बसवायची सोय असलेलंच. त्यामुळे आमच्या खात्याने काही जगावेगळं केलं असं नाही.

आता पुन्हा त्या ऑफिसरकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं ते आर्मरर म्हणून, दोनदा पुंगळी अडकली होती म्हणून. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की मनगट ढिलं असलं की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अडकते, आणि हे खरंच होतं, नवख्या शूटरकडून नेहमी होतं. पण ही नवखी नव्हती. इतकी वर्षं याच पिस्तुलावर जिचं मनगट घट्ट होतं ते वर एक साइट बसवली म्हणून एका रात्रीत ढिलं कसं होईल? माझ्या मनाला ते पटेना. तिला विचारलं तर म्हणाली, "सर, पिस्तूल परत आल्यापासून हे होतंय. पण नवीन साइट आहे, मलाच जमत नसेल असं वाटलं म्हणून बोलले नाही." हे वाक्य मला फार लागलं. चांगली शूटर स्वतःवर शंका घेते आणि हत्यारावर घेत नाही, कारण हत्यार 'प्रोफेशनल लोकांनी' बसवून दिलंय.

सगळ्यात सोपी चाचणी आधी, पिस्तुलांची अदलाबदल. तिला माझं पिस्तूल दिलं, तिचं मी घेतलं. मी बेंचवर सँडबॅगच्या आधाराने 25 यार्डांवर पाच गोळ्या मारल्या तर वर-खाली ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, छान घट्ट पण आडवा पसारा जवळजवळ चार इंच. तिने माझ्या पिस्तुलाने उभं राहून मारल्या, ठिपका शोधायला वेळ लागलाच पण एकदा सापडल्यावर सगळ्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत. म्हणजे ट्रिगर झटकते हा शेरा तिथेच खोटा ठरला. ट्रिगर झटकणारी बाई माझ्या पिस्तुलावर न झटकणं कसं शक्य आहे? ही अदलाबदल पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि कुठल्याही शूटरला 'तुझा दोष' म्हणायच्या आधी ती झालीच पाहिजे असं मी आता प्रत्येक नवीन इन्स्ट्रक्टरला सांगतो.

मग टेबलावर. इथे एक नियम आधीच सांगतो कारण तो मोडलेला मी बघू शकत नाही, ज्या खोलीत पिस्तुलं उघडायची त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नाही, मॅगझिनमध्ये नाही, खिशात नाही, बॅगेतही नाही. चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं.

पहिल्यांदा बाहेरून बघितलं. साइट हाताने हलवून बघितली, हलली नाही. स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर पेंट पेनने ओढलेल्या पांढऱ्या रेघा होत्या, त्यांना आम्ही विटनेस मार्क म्हणतो, स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दोन्ही रेघा सरळ. बॅटरी नवी. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरावर क्लिक करणारा पाना, लावून बघितली तर दोन्ही स्क्रूंवर ठरलेल्या 12 इंच-पाउंडला टक्कन क्लिक. कागदावरची सगळी तपासणी पास. आणि तरीही बेंचवरून चार इंचाचा पसारा. बहुतेक ठिकाणी तपास इथे थांबतो आणि पुन्हा शूटरकडे वळतो, कारण चेकलिस्ट संपली.

मी साइट उतरवली. डावा स्क्रू सुटताना वाळलेलं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) तुटल्याचा जो बारीक कर्रर्र होतो तो झाला, बरोबर. उजवा स्क्रू पहिल्या चतकोर फेऱ्यापर्यंत घट्ट आणि मग एकदम सैल, जसं काही तो साइटला धरूनच नव्हता. बाहेर काढून उजेडात धरला तर त्याचं टोक घासून चकाकत होतं, एका बाजूला किंचित चपटं झालेलं. प्लेटबरोबर आलेल्या पाकिटातला स्क्रू शेजारी ठेवला तेव्हा कळलं, पिस्तुलातला स्क्रू दोन आटे लांब होता.

दोन आटे. जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक. पण या प्रकारच्या स्लाइडमध्ये उजव्या बाजूच्या स्क्रूच्या भोकाखालून एक्स्ट्रॅक्टरची नळी जाते. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पुंगळीची कड पकडून तिला चेंबरमधून बाहेर ओढणारा आकडा, त्याला मागून एक बारीक दांडी आणि स्प्रिंग दाबून धरतात, आणि ती दांडी या नळीत सरकते. स्क्रू लांब असला की तो साइटला खाली दाबायच्या आधीच त्या दांडीवर जाऊन टेकतो. मी दांडी बाहेर काढली, तिच्यावर बरोबर स्क्रूच्या जागी एक चकचकीत खळगी, आणि नळीत निळं थ्रेडलॉकर वाळून खडीसाखरेसारखं चिकटलेलं, कारण बसवणाऱ्याने ते स्क्रूला लावायच्या ऐवजी सरळ भोकात ओतलं होतं आणि ते खाली झिरपलं.

इथे सगळा उलगडा होतो. टॉर्क रेंच फक्त अडथळा मोजते, तो कुठून येतोय हे तिला कळत नाही. स्क्रू साइटला दाबत असो की दांडीला, 12 इंच-पाउंडचा विरोध झाला की ती क्लिक करणारच. आणि विटनेस मार्क फक्त इतकंच सांगतो की स्क्रू फिरला नाही, स्क्रूने काही धरलंय की नाही हे तो सांगत नाही. आमचा स्क्रू खरंच फिरला नव्हता, तो दांडीवर पक्का रुतून बसला होता आणि साइट एकट्या डाव्या स्क्रूवर उभी होती. म्हणून हाताने हलवून हलली नाही, पण गोळी सुटल्यावर स्लाइडचा जो झटका बसतो त्यात ती केसभर इकडेतिकडे वळायची. आणि वळायची आडवी, म्हणून पसारा आडवा.

केसभर म्हणजे किती, तेही करून बघा. या साइटची लांबी साधारण 45 मिमी धरा. तिचं एक टोक 0.2 मिमी बाजूला सरकलं तर 25 यार्डांवर, म्हणजे 900 इंचांवर, फरक पडतो चार इंचांचा. 0.2 मिमी म्हणजे दोन-तीन कागदांची जाडी. उलटा हिशोब केला तर या साइटची अॅडजस्टमेंटची एक क्लिक 1 एमओएची (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग), 25 यार्डांवर साधारण पाव इंच, आणि ठिपका स्वतः 3.25 एमओएचा, तो 25 यार्डांवर पाऊण इंचापेक्षा थोडा जास्त झाकतो. म्हणजे पहिल्या दिवशी सहकारी तिला बिचारीला 'तीन क्लिक डावीकडे, आता चार क्लिक उजवीकडे' असं सांगून झीरो करायला लावत होता तेव्हा ते दोघं एका अशा साइटच्या मागे धावत होते जी दर काही गोळ्यांनी स्वतःच जागा बदलत होती. संपूर्ण दुपार आणि काडतुसांचे दोन-तीन बॉक्स त्यात गेले.

पुंगळी अडकायचं कारणही तोच स्क्रू. दांडीवर दाब आणि नळीत गोंद, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर पूर्ण ताकदीने पुंगळीची कड पकडत नव्हता. पिस्तूल थंड आणि स्वच्छ असताना चाललं, गरम होऊन काजळी धरली की एखादी पुंगळी सुटायची. ही गोष्ट रेंजवर झाली म्हणून बरं, हीच रस्त्यावर झाली असती तर दुसरी गोळी सुटलीच नसती, आणि नंतर त्या चौकशीत कुणी दोन आट्यांचा विचार केला असता का याची मला शंका आहे.

लांब स्क्रू आला कुठून? साइटच्या डब्यात येणारे स्क्रू वेगळ्या जाडीच्या प्लेटसाठी असतात, प्लेटबरोबर येणारे स्क्रू त्या प्लेटसाठी. ज्या दुकानाकडे खात्याने पहिली खेप बसवायला दिली होती त्यांनी डब्यातलेच वापरले. त्याच दिवशी मी त्या खेपेतली सगळी पिस्तुलं परत मागवली, काही तर ड्यूटीवर होती, आणि आणखी काहींमध्ये तोच लांब स्क्रू निघाला. त्यातल्या एकाही ऑफिसरने तक्रार केली नव्हती. लेफ्टनंटना फोन करून सांगितलं की बदली पिस्तुलं आजच द्यावी लागतील, त्यांनी आढेवेढे न घेता दिली, त्याबद्दल त्यांचे खरंच आभार.

तिचं पिस्तूल दुरुस्त केलं ते असं, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण नेमकं इथेच लोक घाई करतात. नळी साफ केली, दांडी आणि स्प्रिंग नवी घातली. प्लेट, साइटचा तळ, स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसून तेलाचा अंशही ठेवला नाही, कारण तेलावर थ्रेडलॉकर धरत नाही. योग्य लांबीचे नवे स्क्रू, जुने परत वापरायचे नाहीत. आधी थ्रेडलॉकर न लावता साइट बसवली, टॉर्क दिला आणि एक्स्ट्रॅक्टर बोटाने दाबून बघितला, तो मोकळेपणाने आत जाऊन परत येतोय का? आला. मग साइट पुन्हा काढून निळ्या थ्रेडलॉकरचा एक छोटा थेंब स्क्रूच्या आट्यांवर, भोकात कधीच नाही, पुन्हा 12 इंच-पाउंड, रेघा ओढल्या, तारीख लिहिली आणि 24 तास पिस्तूल बाजूला ठेवलं. तेवढ्यासाठी तिला खात्याचं स्पेअर पिस्तूल दिलं. ती बोटाने एक्स्ट्रॅक्टर दाबायची चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, तिच्यासाठी कुठलंही महागडं अवजार लागत नाही, आणि आमच्या चेकलिस्टमध्ये ती नव्हती.

आता उरली तिसरी तक्रार, ठिपका न सापडण्याची. ती स्पेअर पिस्तुलावरही तशीच होती. म्हणजे ही मात्र शूटरची, आणि गंमत म्हणजे ती चांगली शूटर होती म्हणूनच ती तक्रार होती.

लोखंडी साइटवर सगळी विद्या एका गोष्टीत असते, नजर पुढच्या साइटवर. टार्गेट धूसर, मागची साइट धूसर, पुढची साइट कोरीव. आपल्याकडे कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड घेतलं ते याच प्रकारच्या उघड्या साइटवर, आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटना आयएसएसएफच्या पिस्तूल प्रकारांत ऑप्टिकल साइटला परवानगीच नाही. कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर शिकलेल्या कुणालाही विचारा, कोचने पहिलं वाक्य हेच शिकवलेलं असतं. रेड डॉटला नेमकं उलटं लागतं, नजर टार्गेटवर ठेवायची, दोन्ही डोळे उघडे, आणि ठिपका आपोआप नजरेच्या रेषेत येऊ द्यायचा. जिने वीस-एक वर्षं नजर मागे खेचून पिस्तुलावर आणायची सवय लावली तिला हे सोडायला सगळ्यात जास्त त्रास होतो. नवखा रिक्रूट अर्ध्या तासात शिकतो.

शिवाय ठिपका हरवतो तेव्हा काहीच सांगून जात नाही. लोखंडी साइट थोडी वाकडी असली तरी ती वाकडी दिसते, त्यामुळे सरळ करता येते. रेड डॉटची खिडकी साधारण 16 मिमी उंच, हात पूर्ण लांब केल्यावर डोळ्यापासून 60 सेंमीवर, म्हणजे पिस्तूल वर किंवा खाली जेमतेम पाऊण अंश जास्त झुकलं की ठिपका खिडकीबाहेर आणि समोर रिकामी काच. रिकामी काच दिसली की माणूस घाबरून पिस्तूल गोल-गोल फिरवायला लागतो, ती हेच करत होती. जवळपास नेहमी पिस्तुलाचं तोंड वर असतं, ठिपका खिडकीच्या वरच्या कडेबाहेर गेलेला असतो, आणि उपाय म्हणजे ते तोंड किंचित खाली दाबणं, बस. आमच्या पिस्तुलांवर उंच लोखंडी साइट्सही ठेवल्या आहेत, त्यामुळे ठिपका दिसला नाही तर खिडकीतून पुढची साइट शोधायची, ठिपका तिच्या डोक्यावरच बसलेला सापडतो.

याच हिशोबाची दुसरी बाजू मी वर्गात आवर्जून सांगतो कारण तिने लोकांची धास्ती जाते. पाऊण अंश म्हणजे 7 यार्डांवर तीन-साडेतीन इंच. म्हणजे 7 यार्डांवर खिडकी टार्गेटवर असेल आणि ठिपका तिच्या अगदी वरच्या किंवा खालच्या कडेला जरी दिसत असला तरी तुमची चूक साधारण चार इंचांच्या आतलीच आहे, तो मधोमध आणायच्या नादात वेळ घालवू नका. तिला हे सांगितलं तेव्हा तिने मला कागदावर हिशोब करून दाखवायला लावला, मग मान हलवली. पुढच्या फेरीत तिचा वेग लगेच वाढला.

टेपचा व्यायाम मात्र सगळ्यात कामाचा ठरला. साइटच्या पुढच्या काचेवर, म्हणजे टार्गेटकडच्या बाजूने, मास्किंग टेप लावायची. आता खिडकीतून टार्गेट दिसतच नाही, फक्त टेपवर ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवून टार्गेटकडे बघितलं की एक डोळा ठिपका देतो, दुसरा टार्गेट देतो आणि मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो. पण जो ठिपक्याकडे किंवा काचेकडे बघतो त्याला फक्त टेप दिसते, टार्गेट नाहीसं होतं. त्यामुळे इन्स्ट्रक्टरला ओरडून 'टार्गेटकडे बघ' सांगावं लागत नाही, टेपच सांगते. काही लोकांचे दोन्ही डोळे किंचित वेगवेगळ्या रेषेत बघतात, त्यांच्या गोळ्या टेप असताना थोड्या बाजूला पडतात, ती चूक नाही आणि त्यावरून झीरो बदलायचा नाही. तिला पहिल्या मिनिटाला टार्गेट दिसेना. मग एकदम म्हणाली, "आलं!" आणि मग ती थांबेना.

आणि तरीही एक गोष्ट अजून खटकत होती. ती म्हणत होती की ठिपका गोल नाही, स्वल्पविरामासारखा शेपटी असलेला दिसतो. आधी तिने साइट खराब समजून ब्राइटनेस वाढवला होता, त्याने शेपटी आणखी लांब झाली. हे डोळ्याचं काम असतं, अॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे बुबुळाचा आकार पूर्ण गोल नसणं. तपासायची सोपी रीत, रिकामं पिस्तूल आडवं फिरवायचं, शेपटी पिस्तुलाबरोबर फिरली तर साइट खराब, जागच्या जागी राहिली तर डोळा. किंवा फोनच्या कॅमेऱ्याने ठिपक्याचा फोटो काढायचा, फोटोत गोल असेल तर साइट ठीक. तिची शेपटी जागेवर राहिली. पण तिचा चष्मा तर होता! मग तो चष्मा हातात घेऊन विचारलं तेव्हा कळलं की तो खास शूटिंगसाठी बनवलेला होता, हाताच्या अंतरावर पुढची साइट स्पष्ट दिसावी म्हणून, चाळिशीनंतर बरेच शूटर तसा बनवून घेतात. लोखंडी साइटला तो वरदान होता, पण रेड डॉटचा ठिपका दूर तरंगत असतो, त्याला दूरचा नंबर लागतो. ज्या चष्म्याने तिला इतकी वर्षं चांगली शूटर ठेवलं तोच आता टार्गेट आणि ठिपका दोन्ही धूसर करत होता. गाडीतून तिचा रोजचा दूरचा चष्मा आणला, त्यात सिलिंडरचा, म्हणजे अॅस्टिग्मॅटिझमचा, नंबर होताच, ब्राइटनेस दोन पायऱ्या खाली आणला आणि ठिपका जवळपास गोल झाला. आमच्या फॉर्मवर आता एक ओळ वाढवली आहे: क्लासला दूरचा चष्मा आणा, शूटिंगचा नको.

संध्याकाळचं लो-लाइट सेशन तिचं घर होतं, नाइट शिफ्टची माणूस. तिथे फक्त ऑटो ब्राइटनेसचा सापळा दाखवला. साइटचा सेन्सर आपण उभे आहोत तिथला उजेड मोजतो, टार्गेटचा नाही. आपण अंधारात आणि समोर हेडलाइटचा किंवा आपल्याच वेपन लाइटचा, म्हणजे पिस्तुलावरच्या टॉर्चचा, झगझगाट असेल तर साइट अंधार समजून ठिपका मंद करते आणि तो उजेडात विरघळून जातो. म्हणून मॅन्युअल सेटिंग, आणि घरच्या दिव्यात थोडा जास्त वाटेल इतकं तेज. पावसाचंही दाखवलं, बाटलीतून पाणी शिंपडून, एलईडीवर थेंब बसला की ठिपक्याचे चार तुकडे होतात. बंद खोक्यासारख्या साइट्स, एमपॉइंटची ॲक्रो वगैरे, त्यात हा त्रास नाही, आणि पुढच्या खरेदीत त्याच घ्याव्यात असं मी लेखी कळवलंय. होल्स्टरचा विषय तेवढा मोठा नव्हता, साइट मावेल असं वरचं झाकण असलेले नवे सगळ्यांना आधीच दिले होते.

चोवीस तास झाल्यावर तिचं स्वतःचं पिस्तूल तिने स्वतः झीरो केलं, 25 यार्डांवर, सँडबॅगवर. नंतर भरपूर गोळ्या सलग मारल्या, गरम होईपर्यंत, एकही पुंगळी अडकली नाही, आणि शेवटी पुन्हा 25 यार्डांवर ग्रुप तपासला, जागचा हलला नव्हता. क्वालिफिकेशन, म्हणजे नेमबाजीची परीक्षा, ती वरच्या गुणांनी पास झाली. पहिल्या दिवसाचा शेरा तिच्या फाइलमध्ये गेला होता. सहकाऱ्याने तो स्वतः खोडून कारण लिहिलं, मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

क्लासमध्ये बदल केला तो असा की पहिले तीन तास आता गोळीच नाही. प्रत्येक ऑफिसर स्वतःच्या हाताने साइट उतरवतो, स्क्रू मोजतो, एक्स्ट्रॅक्टर बोटाने दाबून बघतो, पुसतो, बसवतो, टॉर्क देतो, रेघ ओढतो. थ्रेडलॉकर वाळायला वेळ लागतो म्हणून ही बैठक रेंजच्या आदल्या दिवशी घेतो. वरिष्ठांपैकी काहींचा आक्षेप होता की पेट्रोलवाल्याला आर्मरर कशाला बनवायचं, खराब करून ठेवतील. मला तो मान्य नाही. मी त्यांना साइट दुरुस्त करायला शिकवत नाहीये, माझी परवानगी असल्याशिवाय घरी कुणी स्क्रूला हात लावायचा नाही हा नियम कडकच आहे. पण ज्याने एकदा स्वतः बसवलंय त्याला बिघाड ओळखता येतो, आणि मुख्य म्हणजे 'मलाच जमत नसेल' म्हणून तो गप्प बसत नाही. स्क्रूंसाठी प्रत्येक प्लेटचा वेगळा कप्पा, कप्प्यावर लांबी लिहिलेली, साइटच्या डब्यातले स्क्रू डब्यातच सीलबंद.

एका बाबतीत मात्र आमचं अजून एकमत नाही, साइट बंद पडली तर काय याचा सराव किती वेळा घ्यायचा. मी म्हणतो दर क्वालिफिकेशनला काही गोळ्या ठिपका बंद करून, फक्त उंच लोखंडी साइटवर, कारण बॅटरी संपणं, काच फुटणं हे होणारच, आणि रेड डॉटवर गेलेल्या माणसाची लोखंडी साइटची सवय पटकन मोडते. बजेटवाले म्हणतात वर्षातून एकदा पुरे. ती ऑफिसर आता असिस्टंट इन्स्ट्रक्टर म्हणून क्लासला येते आणि या मुद्द्यावर ती माझ्यापेक्षाही कडक आहे, तिच्या शिफ्टच्या लोकांकडून महिन्यातून एकदा रिकाम्या पिस्तुलावर ठिपका बंद करून सराव करून घेते, त्याला काडतूस लागत नाही आणि बजेटही लागत नाही.